सुट्या रेषा आणि आर्क जोडून एक पॉलीलाइन कशी करावी

ऑटोकॅडमधलं किचन ओट्याचं ड्रॉइंग पडद्यावर अगदी नीट दिसतं. कडेवर क्लिक केलं की मात्र पूर्ण ओट्याऐवजी पुढची एकच रेषा सिलेक्ट होते. क्षेत्रफळ विचारावं तर ते एका वस्तूचं मिळत नाही, ऑफसेट (ठरावीक अंतरावरची समांतर कड) घेतला तर एकाच बाजूचा येतो, आणि हीच फाइल लेझर कटिंगला दिली तर मशीन प्रत्येक तुकडा वेगळा समजून कापतं. कारण साधं आहे. डोळ्यांना तो एक आकार दिसतो, पण सॉफ्टवेअरच्या लेखी त्या चार रेषा आणि एक आर्क (वर्तुळाचा तुकडा) अशा पाच सुट्या वस्तू आहेत. त्या पाचांची एक पॉलीलाइन, म्हणजे अनेक तुकड्यांची मिळून एकच वस्तू, करायची असते.

जोडण्याची कमांड दोन मिनिटांत शिकता येते. खरा वेळ जातो तो टोकं न जुळण्याची कारणं शोधण्यात, म्हणून या लेखातही जास्त जागा त्यालाच दिली आहे. पायऱ्या ऑटोकॅडच्या आहेत. ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅडमध्येही पीएडिट आणि जॉइन याच नावांनी आहेत, संवाद थोडे वेगळे दिसतील इतकंच. कमांडची नावं आणि शॉर्टकट इथे देवनागरीत लिहिले आहेत, कीबोर्डवर ते इंग्रजी अक्षरांत, मधली रेघ न देता टाइप करायचे.

आधी हातात एक नमुना घ्या

वाचता वाचता करून पाहण्यासाठी एक किचन ओटा काढू. एकक मिलिमीटर. ओटा 2400 लांब, 600 रुंद, मागची आणि डावी बाजू भिंतीला लागलेली, पुढचा उजवा कोपरा 150 त्रिज्येने गोल. मुंबईच्या अरुंद स्वयंपाकघरात येता-जाता कंबरेला लागू नये म्हणून हा कोपरा बरेच जण गोल करूनच घेतात.

एफ8 दाबून ऑर्थो चालू करा, म्हणजे रेषा फक्त आडव्या-उभ्या येतील. ‘एल’ (लाइन) एंटर, सुरुवात 0,0. माउस उजवीकडे नेऊन 2400 एंटर, वर नेऊन 600 एंटर, डावीकडे नेऊन 2400 एंटर, शेवटी ‘सी’ एंटर. चार रेषा झाल्या. आता ‘एफ’ (फिलेट, कोपरा गोल करणारी कमांड) एंटर, ‘आर’ (त्रिज्या) एंटर, 150 एंटर, आणि खालची व उजवीकडची रेषा एकामागून एक निवडा. कोपरा गोल झाला. फिलेटने दोन्ही रेषा कापून मध्ये आर्क बसवला, पण तो आर्क सुटाच राहिला. हाच फिलेट पॉलीलाइनच्या कोपऱ्यावर केला असता तर आर्क तिच्यातच सामावला असता. म्हणून नवं ड्रॉइंग काढताना शक्य तिथे ‘पी-एल’ वापरून पॉलीलाइनच काढा, जोडायची वेळच येणार नाही. हा लेख आहे तो दुसऱ्याकडून सुट्या तुकड्यांत आलेल्या ड्रॉइंगसाठी.

पीएडिट: सगळ्यात भरवशाची पद्धत

1. ‘पी-ई’ टाइप करून एंटर. कमांड लाइन पॉलीलाइन निवडायला सांगते. पाचांपैकी कुठलीही एक वस्तू निवडा.

2. निवडलेली वस्तू पॉलीलाइन नाही, करायची का, असा प्रश्न येतो. उत्तर ‘हो’ हे आधीच भरलेलं असतं, नुसतं एंटर दाबा. हा प्रश्न दर वेळी नको असेल तर पीएडिटअ‍ॅक्सेप्ट या व्हेरिएबलची किंमत 1 करून ठेवा.

3. ‘जे’ एंटर, म्हणजे जोडा. आता उरलेल्या वस्तू निवडा. खिडकी ओढून सगळा ओटा घेतला तरी चालतं. एंटर.

4. कमांड लाइनवर किती सेगमेंट जोडले गेले ते येतं. आपल्या ओट्यात एक वस्तू आधी निवडली होती, म्हणून आकडा 4 यायला हवा. हा आकडा वाचायची सवय लावून घ्या. 3 आला तर एक तुकडा बाहेर राहिला आहे, आणि ते इथेच कळलं तर पुढचा सगळा त्रास वाचतो.

5. आता जे पर्याय दिसतात त्यांत पहिला ‘ओपन’ असेल तर आकार बंद झाला आहे. ‘क्लोज’ दिसत असेल तर सॉफ्टवेअरच्या मते आकार अजून उघडा आहे. एंटर दाबून बाहेर पडा.

चौथ्या पायरीला 0 किंवा कमी आकडा आला म्हणून लगेच ‘क्लोज’ दाबू नका. क्लोज दोन टोकांमध्ये सरळ रेषा टाकतो. राहिलेला तुकडा आर्क असेल तर गोल कोपऱ्याच्या जागी तिरका कोपरा येतो, आणि सुटा आर्क तसाच वर दिसत राहिल्यामुळे चूक पटकन लक्षातही येत नाही.

जॉइन: जलद, पण दरवाजापाशी सावध

‘जे’ एंटर, सगळ्या वस्तू एकदम निवडा, एंटर. टोकं तंतोतंत जुळत असतील तर एका झटक्यात पॉलीलाइन तयार. ही कमांड ऑटोकॅड 2006 मध्ये आली. रोजच्या कामाला हीच पुरते.

पण तिचं एक वागणं नवख्याला माहीत नसतं. एकाच सरळ रेषेत असलेल्या दोन लाइन निवडल्या, तर मधलं अंतर कितीही असो, जॉइन ते भरून एकच लाइन करते. भिंतीच्या रेषेत 900 मिलिमीटरची दरवाजाची फट असेल आणि दोन्ही बाजूंच्या रेषा जॉइनला दिल्या, तर दरवाजा नाहीसा होतो. जुना दरवाजा बंद करून भिंत दाखवायची असेल तेव्हा हे फारच सोयीचं, एरवी घातक. एकाच केंद्राच्या आणि एकाच त्रिज्येच्या दोन आर्कमधली फटही ती तशीच भरते. तिथे पहिल्या निवडलेल्या आर्कपासून घड्याळाच्या उलट दिशेने जोडणी होते, म्हणून आर्क चुकीच्या बाजूने भरला गेला तर निवडीचा क्रम उलटा करून पाहा.

न जुळणारी टोकं

पीएडिट साधेपणाने जोडताना टोकांचे निर्देशांक एकच असावे लागतात. पडद्यावर टोकं चिकटलेली दिसणं हा पुरावा नाही. 0.02 मिलिमीटरची फट खूप झूम केल्याशिवाय दिसत नाही, आणि युनिट्समध्ये दोनच दशांश ठेवले असतील तर 0.002 ची फट मोजल्यावरही 0.00 च दाखवते. म्हणून तपासणीच्या वेळी ‘यू-एन’ एंटर करून अचूकता 8 दशांशांपर्यंत वाढवा, मग ‘डी-आय’ने अंतर मोजा.

फट आहे की नाही हे बघायची एक पटकन होणारी चाचणी अशी: दोन्ही वस्तू निवडा आणि कोपऱ्यावरच्या निळ्या चौकोनावर क्लिक करून माउस हलवा. टोकं खरोखर एकावर एक असतील तर दोन्ही वस्तू एकत्र ताणल्या जातात. एकच ताणली गेली तर फट आहे. एस्केप दाबून सोडून द्या.

मोठ्या आकारात फट कुठे आहे हेच सापडत नसेल तर ‘बी-ओ’ (बाउंड्री) एंटर, पिक पॉइंट्स, आणि आकाराच्या आत क्लिक. हद्द बंद नसेल तर ऑटोकॅड तसं सांगतं आणि न जुळलेल्या टोकांभोवती लाल वर्तुळं दाखवतं. तिथे झूम करा. काम झाल्यावर ‘आर-ई’ने रीजेन केलं की वर्तुळं जातात.

फट सापडली की ती भरायची कशी, हे ती कुठे आहे त्यावर ठरतं. दोन सरळ रेषांच्या कोपऱ्यात असेल तर फिलेट त्रिज्या 0 ठेवून दोन्ही रेषा निवडा. रेषा हव्या तेवढ्या वाढतात किंवा छाटल्या जातात आणि टोक तंतोतंत एक होतं. फिलेट चालू असताना शिफ्ट धरून दुसरी रेषा निवडली तरी तेच होतं, त्रिज्या बदलावी लागत नाही. आर्क आणि रेषेमध्ये फट असेल तर आमच्या मते आर्क पुसून पुन्हा फिलेट करणं सगळ्यात स्वच्छ. आर्कचं टोक ओढून रेषेला भिडवलं की त्याची त्रिज्या बदलते. 150 ची 149.87 झालेली कुणाच्या लक्षात येत नाही, पण मग रेषेतून आर्कमध्ये जाणारं सलग वळण तुटतं आणि मोल्डिंग करणाऱ्या कारागिराच्या हाताला त्या ठिकाणी बारीक कंगोरा लागतो.

फटी पन्नास असतील तर हाताने भरणं शक्य नाही. तेव्हा पीएडिटचा ‘एम’ पर्याय घ्या: ‘पी-ई’ एंटर, ‘एम’ एंटर, सगळं निवडा, एंटर, रूपांतराच्या प्रश्नाला हो म्हणा, मग ‘जे’. आता तो फझ डिस्टन्स विचारतो, म्हणजे किती अंतरापर्यंतची टोकं एक समजायची. तिथेच पुन्हा ‘जे’ दिलं तर जोडणीचा प्रकार निवडता येतो: एक्स्टेंडने कडा वाढवून किंवा छाटून भिडवल्या जातात, अ‍ॅडने मध्ये छोटा सरळ तुकडा टाकला जातो, आणि बोथमध्ये आधी एक्स्टेंड, न जमल्यास अ‍ॅड.

फझचा आकडा ड्रॉइंगच्या एककात असतो. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये 1 म्हणजे 1 मिलिमीटर, पण प्लॉटचा सर्व्हे मीटरमध्ये असेल तर तोच 1 म्हणजे 1 मीटर, आणि कंपाउंडच्या भिंतीचे दोन वेगळे कोपरे एक होऊन बसतात. प्रत्यक्ष मोजलेल्या सगळ्यात मोठ्या फटीपेक्षा जरासाच मोठा आणि आकारातल्या सगळ्यात लहान तुकड्यापेक्षा बराच लहान आकडा द्या. जाळीच्या नक्षीत 2 मिलिमीटरचे बारीक तुकडे असताना फझ 3 दिला तर नक्षीच बिघडते.

फट नसूनही जोडलं जात नाही तेव्हा

पहिला संशय झेडवर घ्या. वरून पाहताना सगळं एका पातळीवर दिसतं, पण सर्व्हेच्या फाइलमधून किंवा त्रिमितीय मॉडेलमधून आलेल्या रेषांची उंची वेगवेगळी असते. एक टोक 0 वर, दुसरं 27.4 वर. कंट्रोल आणि 1 दाबून प्रॉपर्टीज उघडा, वरच्या यादीतून फक्त लाइन निवडा, आणि स्टार्ट झेड व एंड झेड दोन्ही 0 करा. आर्कसाठी सेंटर झेड, पॉलीलाइनसाठी एलिव्हेशन. एक्स्प्रेस टूल्स (ऑटोकॅडमधली जादा साधनं) असतील तर त्यांतलं फ्लॅटन हे काम एकदम करतं, मात्र ऑटोकॅड एलटी या कमी सोयींच्या आवृत्तीमध्ये एक्स्प्रेस टूल्स नसतात. सर्व्हेच्या मूळ फाइलवर हे कधीही करू नका, प्रतीवर करा. त्या उंच्या कुणाला तरी लागणार असतात.

दुसरा संशय दुहेरी रेषांवर. एकाच जागी दोन रेषा एकावर एक असतील तर पीएडिट त्यातली एक उचलतं आणि दुसरी खाली तशीच राहते. जोडायच्या आधी ओव्हरकिल चालवा, सगळं निवडा, एंटर. तो तंतोतंत एकावर एक असलेल्या वस्तू काढतो आणि अर्धवट एकमेकींवर चढलेल्या सरळ रेषा एकत्र करतो. लेझरच्या कामात हे टाळता येत नाही: दुहेरी रेषा म्हणजे तीच कड दोनदा कापली जाणार, आणि अ‍ॅक्रिलिक असेल तर ती कड वितळून खराब होणार.

तिसरं कारण फाटा. एकाच बिंदूला तीन रेषा येऊन मिळत असतील तर पॉलीलाइनला पुढे एकाच वाटेने जाता येतं. कुठली वाट धरावी हे पीएडिट तुम्हाला विचारत नाही. फ्लॅटच्या प्लॅनमध्ये आतल्या भिंती बाहेरच्या भिंतीला जिथे भिडतात तिथे हे दर वेळी होतं. अशा ठिकाणी जोडण्याचा नाद सोडून बाउंड्री वापरा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

बाकीची कारणं पटकन तपासता येतात. वस्तू ब्लॉकमध्ये, म्हणजे अनेक वस्तूंच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, आहे का? ‘एक्स’ने एक्स्प्लोड करावं लागेल. लेअरला कुलूप आहे का? ते काढा. एलिप्स (लंबवर्तुळ) आहे का? खरा एलिप्स पीएडिट घेतच नाही. पुन्हा काढायचा असेल तर आधी पीएलिप्स 1 करा, म्हणजे तो आर्कच्या तुकड्यांची पॉलीलाइन म्हणून काढला जातो. स्प्लाइन (मुक्त वळणांची रेषा) असेल तर पीएडिट रूपांतराची अचूकता विचारतं, 0 ते 99 यांपैकी, आणि 10 आधीच भरलेलं असतं. 99 द्यायचा मोह आवरा. शेकडो इवले तुकडे झाले की कटिंग मशीन वळणावर अडखळत चालतं.

पीडीएफमधून ड्रॉइंग आत घेत असाल तर ऑटोकॅड 2017 पासूनच्या पीडीएफ इम्पोर्टमध्ये लाइन आणि आर्कचे तुकडे जोडण्याचा पर्याय असतो. त्यावर आधीच टिक करा. नंतर हाताने जोडण्यापेक्षा बरंच सोपं जातं.

मूळ रेषांना हात न लावता: बाउंड्री

‘बी-ओ’ एंटर, ऑब्जेक्ट टाइप पॉलीलाइन ठेवा, पिक पॉइंट्स, खोलीच्या आत क्लिक, एंटर. आतल्या हद्दीवरून नवी बंद पॉलीलाइन चालू लेअरवर तयार होते आणि जुन्या रेषा जशाच्या तशा राहतात. म्हणून आधी क्षेत्रफळासाठी वेगळा लेअर करून तो चालू करा. दरवाजाच्या जागी तात्पुरती रेषा टाका, नाहीतर हद्द शेजारच्या खोलीत शिरते. खोलीत सुटा खांब असेल तर त्याचीही वेगळी पॉलीलाइन बनते, ती वजा करायची की नाही ते तुम्ही ठरवायचं.

रेराच्या कार्पेट एरियासाठी मात्र खोलीखोलीत बाउंड्री घेऊन बेरीज केली तर उत्तर कमी येतं. 2016 च्या कायद्यातल्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, फ्लॅटची स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली आहे, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरल्या आहेत. म्हणून बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूने, पार्टिशन ओलांडत, एकच पॉलीलाइन ‘पी-एल’ने हाताने फिरवा. मुंबई महापालिकेकडे मंजुरीसाठी जाणाऱ्या ड्रॉइंगमध्येही क्षेत्रफळ ठरावीक लेअरवरच्या बंद पॉलीलाइनवरून मोजलं जातं. तिथे एक उघडी पॉलीलाइन राहिली तरी हिशोब अडतो.

खरंच बंद झाली का, हे कसं ओळखायचं

क्षेत्रफळ आलं म्हणजे पॉलीलाइन बंद आहे, हा नवख्यांचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. ‘ए-ए’ एंटर, ‘ओ’ एंटर करून उघडी पॉलीलाइन निवडली तरी ऑटोकॅड क्षेत्रफळ देतं. शेवटचं टोक आणि पहिलं टोक यांत सरळ रेषा आहे असं तो धरतो. लांबी सांगताना मात्र ती रेषा मोजत नाही.

आपल्या ओट्यावर बघा. बरोबर जोडलेल्या ओट्याचं क्षेत्रफळ 1435171.46 चौरस मिलिमीटर आणि परिघ 5935.62 मिलिमीटर येतो. आता आर्क बाहेर ठेवून फक्त चार रेषा जोडल्या तर क्षेत्रफळ 1428750 आणि लांबी 5700 येते. दोन्ही आकडे खरे वाटतात. फरक दिसतो तो फक्त प्रॉपर्टीजमधल्या ‘क्लोज्ड’ या ओळीत. तिथे ‘यस’ असेल तरच आकार बंद. कधी कधी पहिलं आणि शेवटचं टोक एकावर एक असूनही तिथे ‘नो’ असतं. अशा वेळी यादीतून ‘यस’ निवडा, मग शेवटचा बिंदू दोनदा पडला नाही ना तेही पाहा. फाइलमध्ये शेकडो पॉलीलाइन असतील तर क्विक सिलेक्टने ‘क्लोज्ड’ बरोबर ‘नो’ अशा सगळ्या एकदम पकडता येतात.

साकीनाक्याला किंवा वसईला लेझर कटिंगला फाइल देताना याचं मोल कळतं. लेझर कापताना बारीक पट्टी जाळून टाकतो, तेवढी भरपाई आकाराच्या आत करायची की बाहेर हे प्रोग्रॅमला बंद आकारावरूनच ठरवता येतं. शिवाय सुट्या तुकड्यांत प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला मशीन पुन्हा पत्र्याला भोक पाडतं, आणि तो डाग कडेवर राहतो.

मात्र सगळंच बंद करायचं असतं असं नाही. ओट्याच्या कडेला मोल्डिंग फक्त मोकळ्या बाजूंना होतं. मूळ ओट्याची प्रत काढून पुढची रेषा, आर्क आणि उजवी रेषा एवढ्या तिघांचीच उघडी पॉलीलाइन करा. लांबी 2250 अधिक 235.62 अधिक 450, म्हणजे 2935.62 मिलिमीटर, 9.63 रनिंग फूट. मजुरी या आकड्यावर लागते, 5935.62 वर नाही. दगड मात्र पूर्ण आयताचा, 15.5 चौरस फुटांचा घ्यावा लागतो, कोपऱ्याचा तुकडा वायाच जातो.

जोडल्यानंतरच्या दोन गोष्टी

वेगवेगळ्या लेअरवरच्या वस्तू जोडल्या की नव्या पॉलीलाइनला एकच लेअर आणि एकच रंग मिळतो, साधारणपणे आधी निवडलेल्या वस्तूचा. म्हणून ज्या लेअरवर हवं तिथली वस्तू पहिली निवडा. तुटक रेषा जोडल्यावर लहान तुकड्यांवर ती सलग दिसायला लागली तर पीएडिटमध्ये ‘एल’ पर्याय चालू करा. मग तुटकपणाची नक्षी प्रत्येक तुकड्यावर नव्याने सुरू न होता संपूर्ण लांबीवर सलग फिरते.

पुन्हा सुटं करायचं असेल तर ‘एक्स’. पॉलीलाइनला जाडी दिली असेल तर ती मात्र एक्स्प्लोड होताच जाते, आणि तुकडे मूळच्या वेगवेगळ्या लेअरवर परत जात नाहीत. म्हणून जोडायच्या आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा.